पावसाळ्यात घरच्या विहिरीचं पाणी कसं राखावं

कोकणात पहिले चार पाऊस नीट लागले की परसातल्या विहिरीचं पाणी वर येतं आणि गढूळही होतं. मग ग्रामपंचायतीतून टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आणायचं, मूठभर विहिरीत फेकायचं आणि झालं काम, असं बऱ्याच जणांना वाटतं. पावडर लागतेच, पण ती सगळ्यात शेवटी. घाण बहुतेक वेळा विहिरीभोवतीच्या जमिनीतून येते, म्हणून सुरुवात तिथून करा.

शोषखड्डा, गोठा आणि उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवेत. जांभ्याच्या जमिनीत मी तर याहून जास्तच अंतर ठेवा म्हणेन. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी नीट गाळलं न जाताच पुढे सरकतं. नवा शोषखड्डा खणणार असाल तर विहिरीच्या वरच्या अंगाला नको, उताराच्या खालच्या अंगाला घ्या.

मग कठडा आणि ओटा. कठडा अडीच फूट उंच, भोवती मीटरभर रुंद सिमेंटचा ओटा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि पाणी लांब नेणारी मोरी. ओट्यावरची बारीक भेग कोणी मनावर घेत नाही, पण धुण्याभांड्यांचं पाणी तिथूनच मुरतं आणि बांधकामामागून विहिरीत उतरतं. मे महिन्यातच ती सिमेंटने बुजवा. तोंडावर जाळी टाका. पायऱ्यांची विहीर असेल तर पायऱ्या बंद करा. पाय बुडवून पाणी भरायच्या सवयीवरच नारू, म्हणजे पाण्यातून होणारा कृमीचा रोग, पोसला गेला होता. १९९६ नंतर भारतात त्याचा रुग्ण सापडला नाही, तरी बाकीचे रोग आहेतच.

गाळ पाणी आटल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढा. आधी कंदील दोरीने तळापर्यंत सोडा. विझला तर कोणीही उतरू नका. जळत राहिला म्हणजे धोका टळला असंही नाही, कारण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याने कळत नाही. डिझेल पंप विहिरीत उतरवून चालवू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच. खाली कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, दोराने वर ओढा.

आता टीसीएल. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, एवढं लिटर पाणी. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण कमी पडतं. उघड्या पिशवीत राहिलेली, वास उडालेली पावडर टाकून काही उपयोग नाही.

१. रात्री पाणी भरून झाल्यावर पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको.
२. पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना तळाशी बसेल.
३. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं.
४. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली नेऊन वरखाली हलवा, म्हणजे औषध सगळीकडे पसरेल.

निदान तासभर पाणी काढू नका. रात्रभर थांबलात तर उत्तम. सकाळी जलसुरक्षकाकडून (ग्रामपंचायतीचा पाणी तपासणारा माणूस) पाण्यात उरलेला क्लोरीन तपासून घ्या. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम लागतो, विहिरीत ०.५ च्या आसपास असावा. काहीच दिसला नाही तर मात्रा वाढवून पुन्हा टाका. विहिरीत गप्पी मासे सोडले असतील तर ते टिकायचे नाहीत, हे धरून चला.

टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. शेणखताचं वा युरियाचं पाणी मुरत असेल तर वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत द्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त निघालं तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका, आणि उकळू तर मुळीच नका: पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.