पंखाचा आकार बदलताय? आधी टोकाकडे बघा

सरळ आयताकृती पंखाचं, रेडिओवर चालणारं मॉडेल विमान तुम्ही स्वतः बांधलंय, ते नीट उडतं, नीट उतरतं, आणि आता त्याच धडावर निमुळता, देखणा पंख चढवायची ओढ लागली आहे. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी झडप) काय करतं, सीजी (विमानाचा तोलबिंदू) कुठे मोजतात, स्टॉल (हवा पंखावरून सुटून उचल कोसळणं) म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

पंख बांधणं अवघड नाही. ज्याने एक पंख बांधला त्याला दुसराही जमतो. रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्या, एकसारख्या नसून प्रत्येक वेगळ्या मापाची कापावी लागते, एवढाच जास्तीचा कुटाणा. क्लार्क वाय हा 1922 सालचा एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, अजूनही हौशी लोक वापरतात, कारण त्याची खालची बाजू बरीचशी सपाट असते आणि पाटावर ठेवून पंख जुळवता येतो. पहिल्या बदलासाठी तोच ठेवा. बाह्यरेषा आणि एअरफॉइल दोन्ही एकदम बदलू नका. विमान बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळणार नाही.

आता मूळ मुद्दा. माझा पहिला निमुळता पंख वेगात असताना सुरेख चालायचा. उतरायला आणताना शेवटच्या वळणात थ्रॉटल कमी, नाक जरा वर, आणि डावा पंख एकाएकी खाली गेला. मी स्टिक उजवीकडे दिली, तर विमान आणखी जोरात डावीकडे कोलमडलं आणि नाकावर आपटलं. आजूबाजूचे म्हणाले, "सिग्नल गेला." बॅटरी तपासली, रेंज तपासली, रिसीव्हर बदलला. दुरुस्ती झाली, पुन्हा तेच वळण, पुन्हा तोच प्रकार. सिग्नल कुठेही गेला नव्हता. पंखाचं टोक स्टॉल होत होतं.

हे आकड्यांत समजून घ्या, कारण नुसतं "टिप स्टॉल" हा शब्द ऐकून काही हाती लागत नाही. समजा 120 सेंटिमीटर स्पॅनचा (टोकापासून टोकापर्यंत लांबीचा), 18 सेंटिमीटर रुंद आयताकृती पंख आहे. त्याऐवजी मुळाशी, म्हणजे धडाजवळ, 24 आणि टोकाला 12 केलं. क्षेत्रफळ तेच, 2160 चौरस सेंटिमीटर. वजन 900 ग्रॅम धरलं तर सरळ उडताना ते साधारण 8 मीटर प्रति सेकंदाला स्टॉल होईल. त्या वेगाला मुळाशी रेनॉल्ड्स संख्या (वेग आणि पंखाची रुंदी यांवरून हवा कशी वाहील ते सांगणारा आकडा) सुमारे 1 लाख 28 हजार येते, टोकाला फक्त 64 हजार. एवढ्या खाली गेलं की तोच एअरफॉइल कमी उचल देतो आणि लवकर हात टेकतो. वर आणखी एक भार: निमुळत्या पंखात टोकाजवळच्या भागाला त्याच्या रुंदीच्या मानाने जास्त उचल द्यावी लागते. म्हणजे ज्याची ताकद कमी, त्याच्याकडूनच काम जास्त. आयताकृती पंख मुळाशी आधी स्टॉल होतो, नाक हळूच झुकतं, एलेरॉनच्या भागात हवा अजून चिकटून असते. तुमचं जुनं विमान इतकं क्षमाशील का होतं, त्याचं उत्तर हेच.

आणि वळण. 45 अंश कललेल्या वळणात उंची राखायची तर स्टॉलचा वेग 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांत 41 टक्क्यांनी. म्हणजे 8 चे सव्वाअकरा झाले. जमिनीजवळ, मंद वेगात, वळण आवळायला एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) ओढलं की संपलंच. पडणारा पंख उचलायला एलेरॉन दिलं की त्या बाजूचं एलेरॉन खाली जातं, टोकाचा हवेशी कोन आणखी वाढतो आणि उरलीसुरली हवाही सुटते. पंख पडला तर आधी एलेव्हेटर सैल सोडा, थ्रॉटल द्या, विरुद्ध रडर (शेपटीचं उभं सुकाणू) द्या. वेग आला की मग एलेरॉन. हे हाताला जड जातं, पण सरावाने बसतं. घाबरू नका.

उपाय दोन, आणि दोन्ही करा.

पहिला म्हणजे निमुळतेपणाचा हट्ट थोडा सोडा. मुळाशी 21 आणि टोकाला 15 केलं तरी क्षेत्रफळ तेच राहतं, पंख निमुळताच दिसतो आणि टोकाची रेनॉल्ड्स संख्या 80 हजारांवर जाते. टोकाची पुढची कडा घासून धारदार करायचा मोह आवरा, गोलच ठेवा.

दुसरा म्हणजे वॉशआउट, म्हणजे टोकाची मागची कडा किंचित वर येईल असा पीळ. स्पिटफायरच्या लंबवर्तुळाकार पंखावर सगळे जीव टाकतात, पण 1936 साली पहिल्यांदा उडालेल्या त्या विमानाच्या पंखाला मुळापासून टोकापर्यंत सुमारे अडीच अंशांचा पीळ होता, हे चित्रात दिसत नाही. आपल्याला दोन अंश पुरतात. 12 सेंटिमीटरच्या टोकाला ते 4 मिलिमीटर होतात, 15 च्या टोकाला 5. बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) पंखात वरची शीट चिकटवण्याआधी मागच्या कडेखाली मुळाशी शून्य आणि टोकाला 4-5 मिलिमीटर अशी उतरती पट्टी सारा आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत पंखावर ठेवलेलं वजन हलवू नका. फोम बोर्डातही वरची घडी बंद करण्याआधीच हे करायचं, नंतर तो पिळत नाही. उघड्या रिबच्या, फिल्म (इस्त्रीने आवळणारं पातळ प्लास्टिक) लावलेल्या पंखाला टोक हव्या त्यापेक्षा थोडं जास्त पिळून धरा, वरखाली दोन्ही बाजूंना इस्त्री फिरवा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण फिल्म ओढ घेते आणि पीळ सरकतो.

मोजायचं म्हणजे मोजायचंच. पंख सपाट काचेवर ठेवा आणि दोन्ही टोकांना मागच्या कडेखालची फट पट्टीने बघा. डावीकडे 4 आणि उजवीकडे 2 असेल तर तो पंख पीळ नसलेल्या पंखापेक्षा वाईट.

पंख आधीच बांधून झाला असेल तर तो फेकू नका. एलेरॉनला दोन वेगळे सर्वो (ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी) असतील तर ट्रान्समीटरवरून दोन्ही एलेरॉन एक-दोन मिलिमीटर वर ठेवा. तात्पुरता वॉशआउटच झाला. फरक जाणवतो.

सीजीबद्दल थोडक्यात, कारण ते गणित सोपं आहे. जुनी खूण पुसून टाका. सरासरी कॉर्डच्या, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने काढलेल्या सरासरी रुंदीच्या, 25 टक्क्यांवर सीजी धरला तर 18 च्या आयताकृती पंखावर तो पुढच्या कडेपासून 4.5 सेंटिमीटरवर होता. 24-12 च्या पंखात मागची कडा सरळ ठेवली तर तो मुळाच्या पुढच्या कडेपासून 10 सेंटिमीटरवर जातो, पुढची कडा सरळ ठेवली तर 4.7 वर. क्षेत्रफळ एकच, जागा किती वेगळी ते बघा.

जायरो (विमान आपोआप सावरणारं उपकरण) लावून टोक स्टॉल होण्याचा दोष झाकू नका, हे माझं ठाम मत आहे. साधा जायरो पडणारा पंख एलेरॉननेच उचलायला जातो, आणि स्टॉलमध्ये नेमकं तेच नको असतं. तसंच, ट्रान्समीटर हातातून घेऊन "बघ, उडतंय की" म्हणणारा गुरूही कामाचा नाही. तो सवयीने वेग राखतो, त्यामुळे त्याला खोट दिसतच नाही. शेजारी उभा राहून "पंख पडला तेव्हा नाक कुठे होतं?" असं विचारणारा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

पहिल्या उड्डाणात भरपूर उंची घ्या, थ्रॉटल बंद करा, पंख समतल ठेवून एलेव्हेटर सावकाश ओढा. नाक सरळ झुकलं तर काम झालं. दर वेळी एकाच बाजूचा पंख पडत असेल तर दोन्ही पंखांच्या पिळात किंवा वजनात फरक आहे. कधी डावा, कधी उजवा पडत असेल तर टोकच स्टॉल होतंय, वॉशआउट वाढवा. ही चाचणी झाल्याशिवाय उतरण्याचं वळण मंद वेगात घेऊ नका.

आणि जुना पंख मोडीत काढू नका. नव्या पंखाची बोल्टची भोकं त्याच्याच मापाने पाडा. नव्याने त्रास दिला तर जुना चढवून उडवून बघता येतं, आणि दोष धडात आहे की पंखात, हे तिथल्या तिथे कळतं.