लॅपटॉप घेताना या चुका टाळा: सोलापूरचं ऊन धरून हिशेब करा

नवी पेठेत लॅपटॉप बघायला आलेल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले. "आय सेव्हन आहे ना?" आणि "वजनाला हलका आहे ना?" हे दोन प्रश्न एकमेकांच्या मुळावर उठतात, हे त्याच्या गावीही नसतं.

नाव बघितलं, वॅट बघितलेच नाहीत

आय सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे मुख्य चिपचं, आडनाव झालं. माणूस कोण ते शेवटच्या अक्षरावरून कळतं. ती चिप किती वीज खाते ते वॅट सांगतात: इंटेलच्या तेराव्या पिढीत यू म्हणजे मूळ १५ वॅट, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५. ग्राफिक्स कार्डाची तर मोठीच गंमत. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे कार्ड कंपनी ३५ वॅटवरही चालवू शकते आणि ११५ वॅटवरही. डब्यावर नाव एकच. पातळ मशीनमध्ये पंखा लहान आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी चपटी, त्यामुळे कंपनी वॅट कमी ठेवते. ती फसवणूक नव्हे, तडजोड आहे. फक्त ती आपण पैसे मोजण्याआधी वाचायची असते.

आता यात सोलापूरचा मे महिना मिसळा. चिप साधारण १०० अंशांना स्वतःचा वेग तोडते. खोली २४ अंशांवर असेल तर उष्णता बाहेर टाकायला ७६ अंशांचा फरक मिळतो, खोली ४२ वर गेली की ५८ चा. म्हणजे तोच पंखा, तेवढ्याच वेगाने फिरून, जवळजवळ पाव हिस्सा कमी उष्णता बाहेर टाकतो. म्हणून गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घेतलेला लॅपटॉप चार महिने पळतो आणि उन्हाळ्यात बसकण मारतो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात नेमकं हेच झालं. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीच्या, डिझाइनसाठी देखणं, पातळ मशीन घेतलं. मेमध्ये फाइल उघडताना ते अडकायला लागलं. दोनदा विंडोज नव्याने टाकून झाली, अँटीव्हायरस बदलून झाला. खालचं झाकण मात्र कुणी उघडलं नाही. उघडल्यावर पंखा आणि उष्णता बाहेर टाकणारी जाळी यांच्यामध्ये सुताच्या तंतूंचा नमद्यासारखा थर निघाला, चिमटीत धरून अख्खा उचलता येईल असा. पातळ मशीनच्या जाळीचे पत्रे दाट असतात, तंतू तिथेच अडतात. बाहेरून ब्लोअर मारणारे महाभाग तो थर पुन्हा पंख्यात ढकलतात.

साफ करायचं तर मशीन बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडून आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, कागदावर जागच्या जागी मांडून ठेवा. पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा, मऊ ब्रशने थर सोडवा आणि मगच हवा मारा. पाती मोकळी सोडून हवा मारली तर बेअरिंग जातं. कारखान्यात दर तीन महिन्यांनी हे करायचंच. ज्याला एवढा धीर नाही, त्याने जाड मशीन घ्यावं.

दुकानात सिनेबेंच हा चिपला राबवणारा चाचणी प्रोग्रॅम सलग दहा मिनिटं चालवायला लावा, शेजारी एचडब्ल्यूइन्फो हे आतले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि शेवटच्या मिनिटाला पॅकेज पॉवर, म्हणजे अख्ख्या चिपची वीज, किती वॅटवर टिकते ते वाचा. पहिल्या मिनिटाचा आकडा दाखवण्यापुरता असतो. दुकानातल्या एसीत जे मशीन टिकत नाही, ते शेडमध्ये काय टिकणार?

रॅम नंतर वाढवू

बऱ्याच मशीनमध्ये नाही वाढवता येत. एलपीडीडीआर या कमी वीज खाणाऱ्या जातीची रॅम बहुतेक मशीनमध्ये बोर्डावर डाख दिलेली असते. त्यामुळे जागा आणि वीज वाचते, पण आज घेतलेलं कायमचं. डेमो मशीनवर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे जा. फॉर्म फॅक्टरसमोर एसओडिम, म्हणजे खाचेत बसणारी पट्टी, असेल तर रॅम बदलता येण्याजोगी. 'रो ऑफ चिप्स' असेल तर समजून जा आणि डिझाइनचं काम असल्यास आजच ३२ जीबी घ्या. स्लॉटवालं मशीन असेल तर एकाच पट्टीवर भागवू नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्राचं कामही त्याच रॅमवर चालतं, आणि एका पट्टीत ते रेंगाळतं.

पडदा

पडदा किती रंग दाखवतो ते टक्क्यांत लिहितात. ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं मशीन हिशेबाला ठीक, रंगाला नाही. चादरीचा गडद मरून त्यावर मळकट दिसतो आणि सूत रंगून आल्यावर भांडण होतं. १०० टक्के एसआरजीबी, हे रंगांचं दुसरं माप, मागा. ओएलईडी जातीचा पडदा सुंदर, पण दिवसभर एकच टूलबार उघडा ठेवणाऱ्यांच्या पडद्यावर त्याचा डाग उमटण्याची भीती असते.

किरकोळ, पण रोज टोचणारं

टॅलीवर बसणाऱ्याने नंबरपॅड सोडू नये. डिझायनरने घेऊ नये, टचपॅड डावीकडे सरकतो. लॅनची, म्हणजे नेटवर्कच्या वायरची, खाच नसेल तर ती यूएसबीला जोडणारा डोंगल त्याच दिवशी घ्या. वॉरंटी ऑनसाइट की मशीन सेंटरला न्यायचं, हे बिलावर लिहून घ्या. आणि धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मशीनला शिव्या देण्याआधी सॉकेटचं अर्थिंग तपासा, चार्जरची तिसरी पिन कुणी तोडली आहे का तेही बघा.