चॉकलेटचा माग: डिस्टोपियन कादंबरीवर पटेल असा निबंध कसा लिहायचा

अंबाजोगाईत मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. दरवर्षी आमच्याकडं पाचशे शब्दांची निबंध स्पर्धा असते. गेल्या साली विषय दिला होता डिस्टोपियन कादंबरी, आणि निबंध हवा होता वैचारिक, वाचणाऱ्याला पटवून देणारा. डिस्टोपिया म्हणजे रामराज्याच्या नेमकं उलट. सगळं तुमच्या भल्यासाठीच चाललंय असं राज्यकर्ते रोज सांगतात आणि माणूस मात्र चिरडत जातो, अशा कल्पित राज्याची गोष्ट. बहुतेक मुलांनी जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ निवडली, १९४९ साली प्रसिद्ध झालेली.

निबंध तपासायला बसले आणि जीव हळहळला. लेकरांनी मेहनत केली होती, पण सगळे निबंध एका साच्यातले. आधी लेखकाचं चरित्र, मग तीन परिच्छेद कथानक, शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी जागरूक राहिले पाहिजे’ आणि एक सुविचार. ही गाईडची सवय आहे, मुलांचा दोष नाही. केजकडच्या एका खेड्यातून एसटीनं येणारी एक मुलगी तिचा निबंध घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, मी तर सगळंच लिहिलंय. मग राहिलं काय?” राहिलं होतं तिचं स्वतःचं म्हणणं. तो निबंध आम्ही दोघींनी तीन आठवड्यांत पुन्हा उभा केला. ते कसं केलं तेच इथं सांगते, कारण दुसऱ्या कुठल्याही कादंबरीवर लिहितानाही हे असंच करावं लागतं.

आधी मुद्दा शोधायचा. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘हुकूमशाही समाजासाठी घातक असते.’ मी विचारलं, “याला नाही कोण म्हणणार?” ज्याला कुणी नाही म्हणणार नाही, ते पटवून द्यायची गरजच नसते. मुद्दा असा हवा की वर्गातला एखादा हुशार मुलगा उठून म्हणू शकेल, “नाही मॅडम, मला तसं वाटत नाही.” असा मुद्दा डोकं खाजवून सापडत नाही, तो पुस्तकातच पडलेला असतो. पुस्तक मिटा आणि स्वतःला विचारा, कोणती जागा मनातून जात नाही? मोठी, गाजलेली जागा नको. तुम्हाला टोचलेली हवी.

ती म्हणाली, “चॉकलेट.”

का, म्हणून विचारलं तर तिनं आजीचं सांगितलं. रेशनचं धान्य किती आलं ते आजी दर महिन्याला चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडून ठेवते. गव्हाच्या रेघा वेगळ्या, तांदळाच्या वेगळ्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण गेल्या दिवाळीला किती किलो मिळालं ते ती भिंतीकडं बोट दाखवून सांगते. तिला हिशोबात कुणी फसवू शकत नाही. मी म्हणाले, “बाळा, तुझा निबंध इथं आहे.”

आता चॉकलेटची जागा नीट बघू. कादंबरीतला विन्स्टन सत्य मंत्रालयात नोकरीला आहे. त्याचं काम जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलण्याचं. यंदा चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही, असं वचन सरकारनं फेब्रुवारीत दिलेलं असतं. प्रत्यक्षात ते तीस ग्रॅमवरून वीसवर येणार असतं. विन्स्टन ते वचन खोडतो आणि त्या जागी, एप्रिलमध्ये बहुधा कपात करावी लागेल, अशी सूचना घालतो. मूळ कागद भट्टीत जातो. पुढच्याच प्रकरणात कॅन्टीनमध्ये जेवताना घोषणा ऐकू येते की रेशन वाढवून वीस ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून आभार मानले. कपात जाहीर होऊन एक दिवस झालेला असतो. विन्स्टन आजूबाजूला बघतो. शेजारचा पार्सन्स ते सहज गिळतो, भाषेचा पंडित साइमसुद्धा गिळतो. विन्स्टनला प्रश्न पडतो, आठवण फक्त आपल्यालाच उरली आहे का?

मग मी तिला एकच काम दिलं. चॉकलेट हा शब्द धरायचा आणि पुस्तकभर त्याच्या मागं चालायचं, पेन्सिलनं खुणा करत. पटवून देणाऱ्या निबंधाला पुरावा लागतो, आणि तो गोळा करायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. एक वस्तू पकडा. तिला काय काय सापडलं बघा. विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया काळ्या बाजारातलं खरं चॉकलेट आणते, तेव्हा त्याच्या वासानं विन्स्टनच्या मनात एक जुनी आठवण हलते, पण ती नेमकी कसली ते त्याला आठवत नाही. पुढं ती आठवण उघडते. उपासमारीच्या दिवसांत तिघांत मिळून दोन औंसांची, म्हणजे जेमतेम सत्तावन्न ग्रॅमची वडी आली होती. आईनं त्यातला मोठा वाटा त्यालाच दिला, तरी त्यानं आजारी धाकट्या बहिणीच्या हातातला तुकडा हिसकावला आणि तो पळाला. चार ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी चॉकलेट आठवणीला बांधलेलं. तिनं मुद्दा लिहिला: ‘विन्स्टनचा खरा गुन्हा प्रेम हा नाही आणि बंडही नाही. तीस ग्रॅम लक्षात ठेवणं हा त्याचा खरा गुन्हा आहे.’ याच्याशी भांडता येतं, म्हणून हा मुद्दा आहे.

संदर्भ देताना भाग आणि प्रकरण सांगा, उदाहरणार्थ पहिला भाग, पाचवं प्रकरण. आवृत्ती बदलली की पान बदलतं. लांबलचक उतारे चिकटवू नका. प्रसंग दोन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत सांगा आणि लगेच तो तुमच्या मुद्द्याला कसा आधार देतो ते लिहा. हा दुसरा भागच मुलं विसरतात.

विरोधी बाजूचं सांगते, कारण निबंध इथंच जिंकतो किंवा पडतो. मुलं विरोधक म्हणून बुजगावणं उभं करतात, ‘काही लोक म्हणतात हुकूमशाही चांगली’, आणि त्याला एका फटक्यात पाडतात. त्यानं कुणाचंच मन वळत नाही. तुमच्या मुद्द्याला सगळ्यात जास्त दुखेल असा आक्षेप तुम्हीच आधी मांडा. मी तिला दोन दिले. एक, ते वचन तर विन्स्टननंच खोडलं, आणि त्याला ते काम आवडायचंही. मग तो आठवणीचा राखणदार कसा? दोन, आठवण ठेवून उपयोग काय झाला? शेवटी तो मोडलाच. पहिल्यावर ती दोन दिवस अडली. मग लिहून आणलं की खोडणाऱ्यालाच मूळ काय होतं ते ठाऊक असतं, म्हणून सत्तेला सगळ्यात मोठा धोका तिच्या स्वतःच्या कारकुनाकडून आहे. मी शिकवून हे आलं नसतं. दुसऱ्याचं उत्तर शेवटच्या प्रकरणात मिळालं. छळातून सुटून आलेला विन्स्टन कॅफेत बसलेला असताना त्याला आई आठवते. लहानपणी तिच्यासोबत खेळलेला सापशिडीचा डाव आठवतो. आणि ही आठवण खोटी आहे असं म्हणून तो ती मनातून ढकलून देतो. म्हणजे सत्तेनं त्याच्याकडून शेवटी घेतलं ते हेच.

सापशिडी दिसली की मराठी माणसाला तिचं जुनं रूप, मोक्षपट, आठवतो, आणि मोक्षपट परंपरेनं ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. ते तर पैठणजवळच्या आपेगावचे, आपल्याच गोदाकाठचे. तिनं त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीत झाला, हेही लिहिलं होतं. दोन्ही मला मनापासून आवडतं, दोन्ही मी काढायला लावलं. मुद्द्याला हातभार न लावणारी गोष्ट कितीही गोड असली तरी पाचशे शब्दांत तिला जागा नाही.

आजीच्या रेघा मात्र ठेवल्या, पण जपून. आपल्या जगाशी तुलना करताना फरक कबूल करा, नाहीतर वाचणारा तिथंच सुटतो. सगळे लिहितात, मोबाइल म्हणजेच कादंबरीतला टेलिस्क्रीन, माणसावर सतत नजर ठेवणारा भिंतीवरचा पडदा. पण विन्स्टनला टेलिस्क्रीन बंद करता येत नाही, आणि आपण मोबाइल हौसेनं विकत घेतो. हा फरक सांगून मग साम्य मांडलंत तर ते पटतं. तिनं लिहिलं की आमच्या गावात कागद कुणी जाळत नाही, पण आजीच्या रेघा नसत्या तर घरात कुणालाच मागचा आकडा आठवला नसता.

भाषेबद्दल थोडंच. ‘निःसंशय’, ‘नक्कीच’, ‘हे सर्वश्रुत आहे’ हे शब्द दिसले की मी लाल पेन उचलते, कारण पुरावा नसतो तिथं ते येऊन बसतात. सुरुवात थेट प्रसंगानं करा. सुविचार नको, कवितेची ओळही नको.

शेवटचं काम म्हणजे ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही अशा माणसाला निबंध मोठ्यानं वाचून दाखवा आणि तो कुठं थांबवतो ते बघा. तिनं आजीला वाचून दाखवला. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग त्या बहिणीचं काय झालं गं?” निबंधात ते नव्हतंच. विन्स्टन काही तासांनी परत आला तेव्हा आई आणि बहीण दोघी नाहीशा झाल्या होत्या. त्यांचं काय झालं ते त्याला कधीच कळलं नाही, विचारायचं तरी कुणाला? दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. ‘जाणकार आहेत त्यांना माहीतच आहे’ हे वाक्य खोडलेलं होतं आणि त्या जागी त्या दोघींबद्दल तीन ओळी होत्या.