रिक्सिया ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात केळीच्या बागेत पाटाकाठी, शेताच्या बांधावर, पुढे हिवाळ्यात गिरणा-तापीच्या ओसरलेल्या गाळावर रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या दिसतात. चकती दिसली की रिक्सिया (जमिनीला चिकटून पसरणारी, फुलं नसलेली साधी वनस्पती, लिव्हरवर्ट), असं लगेच ठरवू नका. अँथॉसिरॉस या हॉर्नवर्टचं कोवळं रोपही तसंच पसरतं. पण त्याच्या पेशीत सहसा एकच मोठं हरितलवक (हिरवा कण) असतं आणि वयात आल्यावर शिंगं उभी राहतात.

दहापट भिंगाने आधी खालची बाजू बघा. मूलाभ (मुळांसारखे बारीक धागे) जांभळे आणि कडा पानांसारख्या झालरदार असतील तर ते फॉसोम्ब्रोनिया हे दुसरं लिव्हरवर्ट. रिक्सियाचे मूलाभ बिनरंगी असतात. सातपुड्यातल्या खडकावरची जाड पट्टी, पोटाला जांभळ्या खवल्यांच्या दोन रांगा, पाठीवर देठाची टोपी, हे प्लॅजिओकाझ्मा. रिक्सियाला देठ नसतोच. बीजाणूंची पिशवी कायकातच (चपट्या हिरव्या अंगातच) रुतलेली असते आणि पिकली की वरून काळ्या ठिपक्यासारखी दिसते.

खरी गफलत रिक्सियाच्या जातींमध्ये होते. बटाट्याच्या फोडीत कायक धरून नव्या ब्लेडने आडवा पातळ काप घ्या. वरच्या थरात पेशींचे उभे खांब आणि मध्ये अरुंद फटी दिसल्या तर तो डिस्कलरसारख्या जातींचा गट. मोठ्या पोकळ्या, स्पंजासारखा काप, तर फ्रॉस्टी किंवा कॅव्हर्नोसा या जातींकडे वळा. फ्रॉस्टीत नर-मादी रोपं वेगळी: नर लहान, बऱ्याचदा लालसर. एकाच गाळात दोन्ही सापडली की दोन जाती समजून वेगळी नावं दिली जातात. कॅव्हर्नोसात दोन्ही अवयव एकाच रोपावर असतात आणि जुन्या भागाची पाठ फाटून खड्डे पडतात.

खात्री बीजाणूंवरून होते. फ्रॉस्टीचे साधारण 45 ते 60 मायक्रोमीटर, कॅव्हर्नोसाचे बहुधा 65 च्या पुढे. मात्र चार-चार चिकटलेले, फिकट बीजाणू मोजू नका. ते कच्चे असतात. तपकिरी, सुटे झालेले दहा-बारा तरी मोजा.

नमुना उपटू नका, मूलाभ तुटतात. चाकूने दोन सेंटिमीटर मातीसकट उचला आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो. रंग, कडा, पाठीवरची मधली खाच यांची नोंद ओल्या रोपावरच करा, कारण सुकल्यावर कडा आत वळतात आणि खाच खोल भासते. बीजाणूंच्या पिशव्या नसलेलं कोवळं रोप मातीसकट बशीत, सावलीत ओलसर ठेवा. ठिपके काळे होईपर्यंत पाकिटावर फक्त ‘रिक्सिया’ लिहा, जातीची जागा कोरी सोडा.