पावसाळ्यात आर्द्रतामापक तपासताना ७५ टक्क्यांवर थांबू नका

मुंबईत जुलैमध्ये साध्या मिठाचं ओलं द्रावण असलेल्या बंद डब्यात (तिथली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते) ठेवलेला आर्द्रतामापक ७५ टक्के दाखवतो आणि त्यावर ‘ओके’चं स्टिकर लागतं. पण बाहेरची हवाच त्या दिवसांत ७५-८५ टक्क्यांच्या घरात असते. झाकण गळकं असो की सेन्सर मंदावलेला, आकडा तिथेच येणार. खरी परीक्षा ३३ टक्क्यांच्या कोरड्या हवेत होते.

त्यासाठी दोन क्षार लागतात : सोडियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड. लॅब ग्रेडचे घ्या, प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. पहिल्याच्या संपृक्त (आणखी क्षार विरघळणार नाही अशा) द्रावणावरची हवा २५ अंशांना ७५.३ टक्के असते, दुसऱ्याच्या ३२.८. ५० ग्रॅम मिठात साधारण १५ मिलि डिस्टिल्ड पाणी घाला. ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, खडे शिल्लक राहिले पाहिजेत. सगळं विरघळलं तर ते द्रावण बाद. मॅग्नेशियम क्लोराइडला ५ मिलि पुरतं. त्याची पिशवी उघडी राहिली तर इथल्या हवेत ते आपोआपच पाझरू लागतं.

डब्याच्या कडेला व्हॅसलीन लावा. सेन्सर द्रावणाच्या वर लटकवा, टेकवू नका. डबा थर्माकोलच्या पेटीत, एसीच्या झोतापासून लांब ठेवा. सेन्सर आणि द्रावण यांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी ७५ टक्क्यांचा आकडा चार-साडेचारने हलतो. आधी ३३, मग ७५. उलट केलं तर ओल्या हवेत फुगलेला सेन्सरमधला पॉलिमर (ओलावा शोषणारा थर) खाली यायला वेळ घेतो. प्रत्येक डब्यात सहा-आठ तास द्या.

दोन्हीकडे सारखाच फरक आला तर मापकाचा ऑफसेट (आकड्यात मिळवायची ठरावीक दुरुस्ती) बदलून काम होतं. ७५ जुळलं पण ३३ च्या जागी ४० आलं, तर आधी झाकण संशयित : व्हॅसलीन पुन्हा लावून बघा. तरीही ४० असेल तर सेन्सर बदला. साध्या मापकांची अचूकता सहसा २-३ टक्क्यांची, त्यामुळे दशांशानंतरचा आकडा शोभेचा.

दुसरी फसगत एसीची. २४ अंशांच्या केबिनमधून मापक थेट बाहेर नेला आणि बाहेर ३० अंश, ८० टक्के असेल, तर हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) २६.२ अंश असतो. म्हणजे थंड सेन्सरवर तिथल्या तिथे पाणी धरतं आणि आकडा १०० वर अडकतो. तो बंद पिशवीतच बाहेर न्या, अर्धा तास तापू द्या, मग उघडा.

पडताळणीला ओला-कोरडा थर्मामीटर (दोन थर्मामीटर, एकाच्या बल्बवर ओली वात) अजूनही भरवशाचा. पंख्याने ३ ते ५ मीटर प्रतिसेकंद वारा हवा, मलमलची वात स्वच्छ हवी, पाणी डिस्टिल्ड हवं. कोरडा ३० आणि ओला २७ असेल तर आर्द्रता सुमारे ७९ टक्के. नळाच्या पाण्याने वात कडक होते, ओला बल्ब पुरेसा थंड होत नाही. त्याने अर्धा अंश जास्त दाखवला की आर्द्रता तीनेक टक्क्यांनी फुगते.

दवबिंदू अचूक हवा असेल तर चिल्ड मिरर, म्हणजे थंड आरशाचा मापक. पेल्टियरने (विजेवर चालणाऱ्या थंड करणाऱ्या चकतीने) छोटा आरसा थंड करतात. त्यावर दव धरलं की परावर्तित प्रकाश घटतो. मग दवाचा थर ना वाढतो ना उडतो अशा तापमानावर आरसा धरून ठेवतात. आरशाखालचा प्लॅटिनम थर्मामीटर तेच तापमान सांगतो, ०.१-०.२ अंशांपर्यंत अचूक. पण समुद्राकाठच्या हवेतलं मीठ आरशावर बसलं की ते आधीच पाणी ओढतं आणि दवबिंदू खऱ्यापेक्षा वर दिसतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग डिस्टिल्ड पाण्याने पुसा, दर वेळी नवा बोळा. शून्याखाली आरशावर दव आहे की हिम ते खिडकीतून बघा : हिमबिंदू (हिम धरण्याचं तापमान) उणे १० म्हणजे दवबिंदू जवळपास उणे ११.२.

कॉम्प्रेस्ड एअरच्या (दाबलेल्या हवेच्या) लाइनवर दवबिंदू मोजताना दाब लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ७ बार गेजला (बाहेरच्या हवेपेक्षा ७ बार जास्त दाबाला) अधिक ३ असलेला दवबिंदू हवा बाहेर सोडली की उणे २३ च्या आसपास जातो. दाबलेल्या हवेच्या शुद्धतेचं मानक आयएसओ ८५७३-१ चे वर्ग दाबाखालच्या दवबिंदूवर ठरतात : वर्ग ४ म्हणजे अधिक ३, वर्ग २ म्हणजे उणे ४०.

उणे ४० मोजायला निळी पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) ट्यूब लावू नका. आत ७ बार असले तरी बाष्प आपल्या आंशिक दाबाने (हवेच्या एकूण दाबातल्या फक्त बाष्पाच्या वाट्याने) चालतं, आणि इथल्या हवेत तो आतल्यापेक्षा दोनशेपटीच्या आसपास असतो. त्यामुळे ते ट्यूबच्या भिंतीतून आणि सैल फिटिंगमधून उलटं आत शिरतं. ६ मिमीची स्टेनलेस स्टील ट्यूब घ्या, लांबी कमीत कमी ठेवा, प्रवाह अर्धा ते एक लिटर प्रतिमिनिट. नवी ट्यूब वाळायला काही तास लागू शकतात. आकडा खाली सरकत असेल तोवर नोंद करू नका, आणि तो उणे ३० लाच अडला तर ड्रायरला (हवा कोरडी करणाऱ्या यंत्राला) दोष देण्याआधी फिटिंग आवळून बघा.