मणक्याचं डिकंप्रेशन घेताय? मग या चुका टाळा

"मॅडम, मणक्यात गॅप पडलाय म्हणत्यात. मशिनीवर भरून निघतोय न्हवं?"

कागल तालुक्यातले एक काका समोर बसले होते. एका हातात एमआरआयची पिशवी, दुसरा हात कमरेवर. कोल्हापुरात फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो आणि बहुतेक घोळ या 'गॅप' शब्दापासूनच सुरू होतो.

दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, आपण तिला गादी म्हणतो. वयानं आणि वापरानं ती सुकते, बसते. म्हणजे मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट कमी होते. कधी गादीच्या बाहेरच्या चिवट वेष्टनाला चीर पडते, आतला मऊ गर मागे सरकतो आणि पायात उतरणाऱ्या नसेला लागतो. मग कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणका, मुंग्या, बधिरपणा. डिकंप्रेशनच्या टेबलावर छातीला आणि कमरेला पट्टे बांधून मशीन कंबर हळूहळू ताणते, थोडा वेळ धरते, सैल सोडते, पुन्हा ताणते. त्या ताणात गादीवरचा दाब उतरतो, नसेला जरा मोकळीक मिळते. मशीन काही भरत नाही. खाली उतरून उभं राहिलात की शरीराचा भार पुन्हा गादीवर येतो.

पूर्वी दवाखान्यात 'वजन लावायचे', त्याचंच हे संगणकावर चालणारं रूप. 2013 साली वैद्यकीय संशोधनं पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं ट्रॅक्शनच्या, म्हणजे असा ताण देण्याच्या, 32 चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या ताणानं कंबरदुखीत फारसा फरक पडत नाही, असाच निष्कर्ष निघाला. कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. हे मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते. तरीही काही निवडक लोकांना मी टेबलावर घेते. ज्यांचा पाय कंबरेपेक्षा जास्त दुखतो, ज्यांना ताण दिल्यावर तिथल्या तिथं हलकं वाटतं आणि त्या हलकेपणात ज्यांच्याकडून व्यायाम करून घेता येतो, अशांना. व्यायाम करणार नसाल तर टेबलावर झोपण्यात अर्थ नाही.

रिपोर्ट बघून घाबरणं

एमआरआयमध्ये 'बल्ज', म्हणजे गादी फुगलेली, असं लिहिलं की अर्धं घर हादरतं. 1994 साली अमेरिकेत कंबर कधीच न दुखणाऱ्या 98 जणांचा एमआरआय काढला होता. त्यातल्या 52 टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. रिपोर्टमधली गादी आणि तुमची दुखणारी जागा यांचा मेळ बसतो का, हे पाय उचलून, बोटांची ताकद बघून, हातोडी मारून तपासावं लागतं. फाईल चाळून थेट पॅकेजचा आकडा सांगणाऱ्या माणसासमोरून उठा.

आणि घाई कशाला? गादी सरकून पायात उतरलेला ठणका बहुतेकांचा सहा ते बारा आठवड्यांत बराच कमी होतो. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. त्याच काळात तुम्ही वीस-बावीस सिटिंग केलीत, तर श्रेय मशीनला जातं आणि पैसे तुमचे.

ज्यांनी टेबलावर झोपूच नये

हाडं ठिसूळ झालेल्या वयस्क बायका, गरोदर बाई, मणक्यात स्क्रू-रॉड असलेले, मणका पुढे सरकून अस्थिर झालेले, पोटातल्या महाधमनीला फुगा असलेले, कॅन्सरवर उपचार चालू असलेले, या सगळ्यांना ताण देणं धोक्याचं आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे मणक्याचा टीबी. संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी असेल तर आधी तपासण्या करा, मशीनचा विचार नंतर.

एक गोष्ट तर पाठच करून ठेवा. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला आणि बसायचा भाग बधिर झाला, तर पुढच्या सिटिंगची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ज्या मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत, तिथं पोचा. यात उशीर झाला तर गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी खूण पायातल्या चपलेची. चालताना चप्पल निसटते आणि कळत नाही, पाऊल फरशीवर 'फट' करून आपटतं. हा पायाचा आळस नव्हे, नस कमजोर होतेय. रोज सकाळी भिंतीजवळ टाचांवर दहा पावलं आणि चवड्यांवर दहा पावलं चालून बघा. कालपेक्षा आज जमत नसेल तर मशीन थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टेबलावर होणाऱ्या चुका

ताण किती, हे विचारायला लाजू नका. साधारणपणे शरीराच्या वजनाच्या चौथाईनं सुरुवात करतात आणि निम्म्याच्या पुढे सहसा जात नाहीत. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी सतरा-अठरा किलो. "मॅडम, जरा जोरात लावा की, मी तालमीतला गडी हाय," असं म्हणणारे भेटतात. ताण जास्त झाला की पाठीचे स्नायू दचकून आवळतात आणि मणका मोकळा होण्याऐवजी अधिकच घट्ट धरला जातो.

बायकांनी साडीवर पट्टा बांधू देऊ नये. निऱ्या आणि ओच्यावरून पट्टा सरकतो, ताण कंबरेला न मिळता कापडाला मिळतो आणि बरगडीखाली वळ उठतात. सलवार किंवा पातळ पायजमा सोबत आणा. खालचा पट्टा कंबरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे, वरचा खालच्या बरगड्यांवर. मिसळ हाणून लगेच येऊ नका. वरचा पट्टा पोटावर दाबतो, खाण्यात आणि सिटिंगमध्ये दोन तास ठेवा. लघवीला जाऊन या. खोकला-शिंका चालू असतील तर त्या दिवशी सिटिंग नकोच.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. पट्टे सुटले की माणूस सरळ उठून बसतो आणि तिथंच चमक भरते. मशीन थांबल्यावर पाच मिनिटं तसेच पडून राहा. मग कुशीवर वळा, पाय टेबलाखाली सोडा आणि हातांनी रेटा देत उठा. खाली उतरल्यावर दहा मिनिटं चाला. माझा एक पेशंट मशीनवरून उतरला आणि बाहेर जाऊन बुलेटला किक मारली. तिसऱ्या किकेला तो गाडीवरच वाकडा झाला. सिटिंगच्या दिवशी शक्यतो गाडी चालवू नका. मागं बसून खड्डे आणि स्पीडब्रेकर सोसत जाणंही तितकंच वाईट.

पहाटेची धार

आता काकांकडे येते. त्यांना तीन सिटिंगनंतर संध्याकाळी बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत दुखणं पहिल्यासारखं. मशीनची सेटिंग बदलून पाहिली, फरक नाही. मग मी विचारलं, "काका, उठल्यापासून काय काय करता, ते सांगा बघू."

पाचला उठायचं, शेण काढायचं, वैरण टाकायची, दोन म्हशींची धार काढायची, किटली घेऊन डेअरीला जायचं. उठल्यापासून पहिला तासभर सगळा वाकून.

इथंच गोम होती. रात्रभर आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून टम्म फुगते. सकाळी आपण एक-दीड सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळंच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताण घेते. उठल्यावर पहिला तास-दोन तास कंबरेतून वाकणं टाळलं तर जुनी कंबरदुखी कमी होते, हे 1998 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. इथं तर काका मशीननं दिलेला आराम रोज पहाटे गोठ्यात घालवून येत होते.

सकाळची धार कॉलेजला जाणाऱ्या मुलानं घ्यायची, असं ठरलं. काकू घेते म्हणाल्या, मी नको म्हटलं. त्यांचीही कंबर दुखतच होती, फक्त त्यांची फाईल नव्हती. काकांनी उठल्यावर आधी अर्धा तास चालायचं. संध्याकाळची धार काढायची, पण उंच पाटावर बसून, म्हशीला अगदी खेटून. वैरणीचा भारा एकदम न उचलता दोन खेपांत न्यायचा. शेतकऱ्याला 'आराम करा' सांगून काही होत नाही. म्हशी थांबत नाहीत, आणि दिवसच्या दिवस पडून राहिल्यानं कंबर उलट आखडते.

घरचे प्रयोग

पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं, दोघांनी हात-पाय धरून ओढणं, पोराला पाठीवर नाचवणं. साधी उसण आपसूक जाते, म्हणून हे उपाय चालले. नस दबलेली असताना एक लाथ पाऊल कायमचं लुळं करू शकते. उलटं टांगून घ्यायची उपकरणंही ऑनलाइन मिळतात. त्यानं रक्तदाब आणि डोळ्यांतला दाब वाढतो. बीपी किंवा काचबिंदू असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

सिटिंगनंतर दुखणं बदललं तर

पाठीत हलकासा ठणका दिवसभर राहिला तर चालेल. पायातलं दुखणं पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत असं वर सरकत गेलं तर ते चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नका. उलट दुखणं खाली उतरू लागलं, अंगठ्यापर्यंत गेलं, तर पुढचं सिटिंग घेऊ नका.

पैसे सगळे आगाऊ भरू नका. पहिल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा: न थांबता किती चालता येतं, किती वेळ बसवतं, रात्री किती वेळा जाग येते. सहाव्या सिटिंगला तोच कागद काढा. आकडे जागचे हलले नसतील तर पॅकेजमध्ये अजून सोळा उरलीत म्हणून जात राहू नका. निदान पुन्हा तपासून घ्या.

काकांच्या कागदावर पहिल्या दिवशी लिहिलं होतं, 'मारुतीच्या देवळापर्यंत, मग बसावं लागतं.' सहाव्या सिटिंगला ते न थांबता डेअरीपर्यंत जाऊन आले होते, किटली मुलाच्या हातात. नवव्यानंतर आम्ही मशीन बंद केलं. व्यायाम अजून चालू आहे.