नवजात बाळाचे श्वास मोजताना

बाळ शांत असतानाच मोजा. रडत किंवा अंगावर पीत असेल तर आकडा फुगतो, आणि अभ्यासाच्या नोंदवहीत तोच कायमचा बसतो. मुंबईच्या चाळीतल्या खोलीत भरदुपारीही उजेड कमी, म्हणून आईला बाळ मांडीवर घेऊन दाराशी बसायला सांगा. झबलं छातीपर्यंत वर सरकवा; पंखा थेट अंगावर नको. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ सोबतिणीच्या हाती द्या, नाहीतर नजर दोन्हीकडे धावते आणि दोन-चार श्वास निसटतात.

पूर्ण 60 सेकंद मोजा. 30 सेकंदांचे दुप्पट करणं इथे चालतच नाही: नवजात बाळ भराभर श्वास घेतं, मध्येच पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. एवढं थांबणं बहुधा स्वाभाविक असतं.

आकडा 60 किंवा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वेळेसह लिहा. दुसऱ्यांदाही तसाच आला, बरगड्यांखाली छाती खोल आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील किंवा श्वास 20 सेकंद थांबला, यातलं एकही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि आधी 108 ला फोन लावा.